अंड्यातलं लाल झाड

दुपारी दोननंतर आमच्या प्रयोगशाळेच्या मागची खोली माझी असायची. खिडकीला काळा कागद चिकटवलेला, कोपऱ्यात इनक्युबेटर, त्याचा एकसुरी घुर्र आवाज आणि आत सदतीस अंशांची ऊब. बाहेर नांदेडचं ऊन माणसाला भाजून काढत असताना मी त्या अंधारात स्टुलावर बसून एकेक अंडं डाव्या तळहातावर घ्यायचे आणि बाजूनं टॉर्च लावायचे. कवच उजळायचं, पिकल्या आंब्याच्या रंगाचं व्हायचं. मग आत काही दिसतंय का ते बघत बसायचे. मी लिंगायत घरातली मुलगी. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी अंड्याला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण माझी फजिती त्यातूनच झाली.

अंड्यांपर्यंत मी पोचले ती स्वतःच्या दुखण्यामुळे. तेव्हा मी नांदेडला एम.फार्म. करत होते आणि माझी पाळी पाच महिने आलेली नव्हती. हनुवटीवर राठ केस यायला लागले होते, ते मी चिमट्यानं उपटायचे आणि रडायचे. शेवटी आईला सांगितलं. आमचं गाव अहमदपूर, नांदेड आणि लातूरच्या मधे. नांदेडला ओळखीचं कुणी भेटेल, आणि अहमदपुरात तर दवाखान्याच्या पायरीवरची चप्पल ओळखून लोक घरी चौकशीला येतात. म्हणून आईनं लातूर निवडलं आणि माझ्या वडलांना, अप्पांना, सांगितलं की आम्ही साड्या बघायला जातोय. खोटं खरं करायला आम्हाला येताना दोन साड्या घ्याव्या लागल्या. त्यातली एक अजून घडीतच आहे.

लातूरच्या डॉक्टरबाईंनी पोटावर गार जेल लावून सोनोग्राफी केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. करड्या धुक्यात लाल-निळे ठिपके लुकलुकत होते. दिवाळीत लांबच्या गावातले दिवे दिसावेत तसे. मला ते इतकं सुंदर वाटलं की हे आपल्याच पोटातलं आहे, हे क्षणभर विसरायला झालं.

"हे रक्त वाहतंय ते रंगात दिसतं," बाई म्हणाल्या. "अंडाशयाच्या गाभ्यात बघ, नको एवढ्या रक्तवाहिन्या झाल्यात. आणि इकडे गर्भाशयाच्या अस्तराला रक्त पोचायला पाहिजे, तिथं मात्र कमी. पीसीओएस म्हणून अंडाशयाचा विकार आहे, त्यात असं होतं पुष्कळ जणींना."

त्यांनी मेटफॉर्मिन लिहून दिलं. साखरेच्या रुग्णांना देतात तीच गोळी, पण तुला साखर नाही, असंही नीट समजावून सांगितलं. आईच्या कानात मात्र 'साखर' एवढंच शिरलं. परतीच्या एसटीत तिनं चाकूरपर्यंत साड्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "ह्यातलं एक अक्षर घरात बोलायचं न्हाई. अप्पापाशी बी न्हाई."

"आई, आजार आहे. मी काय गुन्हा केलाय का?"

"लोकाला दोन्हीतला फरक कळतंय का? लग्नाची पोरगी हायस तू."

तेव्हापासून माझी गोळी चोरटी झाली. सुट्टीत घरी आले की जेवण झाल्यावर मी मोरीत जाऊन ती गिळायचे. पहिले काही आठवडे पोट असं बिघडलं की काय सांगू. अप्पा म्हणायचे, हॉस्टेलचं खाणं बाधतंय पोरीला. मी मान हलवायचे. खोटं बोलण्यापेक्षा ती मान हलवणंच मला जास्त लागायचं.

प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चार-पाच विषय सांगितले. त्यातला एक ऐकून माझे कान टवकारले: मेटफॉर्मिन नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं का? मॅडम म्हणाल्या, पीसीओएस असलेल्या बायकांच्या रक्तात नव्या वाहिन्यांना बोलावणारं एक द्रव्य जास्त आढळतं, आणि ही गोळी घेतल्यावर ती बोलावणी कमी होत असावीत असं दिसतं. पण कसं, किती, कुठं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. त्यातला एक लहानसा तुकडा आपण कोंबडीच्या अंड्यात बघू शकतो. वाढत्या पिलाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं. त्या जाळ्यावर औषध ठेवायचं आणि बघायचं.

मी लगेच हो म्हटलं. का, ते मॅडमना सांगितलं नाही. मला डिग्रीची फिकीर नव्हती असं नाही, पण खरी गोष्ट वेगळीच होती. जी गोळी मी मोरीत चोरून गिळते, ती आत जाऊन काही करते का, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मॅडम आठवडाभर रजेवर होत्या. मी उत्साहानं दुकानात गेले आणि पांढरीशुभ्र सोळा अंडी घेऊन आले. रिक्षात ती मांडीवर धरून बसताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. इनक्युबेटरमध्ये ठेवली, पाण्याचा ट्रे भरला, रोज तीनदा फिरवली. चौथ्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतील, असं पुस्तकात होतं. चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशीही टॉर्चच्या उजेडात तोच रिकामा पिवळा प्रकाश. थर्मामीटर बदलून बघितला. मग मी स्वतःवरच घेतलं. मला वाटलं, माझ्या हातालाच काही धरत नाही. माझं शरीर इतके महिने गप्प, आता ही सोळा अंडीही गप्प. त्या काळ्या खोलीत बसून मी इतकी रडले की टॉर्चचा सेल संपला तरी कळलं नाही.

हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत कोंबड्या पाळणारी एक म्हातारी राहायची. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. अंडी नासकी आहेत का ते विचारावं म्हणून त्यातली दोन घेऊन मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, सात दिवस ऊब दिली तरी आत काहीच होत नाही. खालानं अंडं हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि पदराला डोळे पुसत हसत सुटली.

"ह्ये दुकानातलं हाय ना? अगं बेटा, तिथल्या कोंबडीनं जिंदगीत कोंबडा बघितला न्हाई. कोंबड्याबिगर पिल्लू कसं व्हईल? ह्याला तू कयामतपर्यंत ऊब दे, सडंल, पन हलणार न्हाई."

मी तोंड उघडं टाकून उभी. बी.फार्म.ला पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी, औषधांची चारशे नावं पाठ, आणि एवढं माहीत नाही! पण कुठून माहीत असणार? आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे. माझ्या समजुतीत अंडं म्हणजे अंडं, प्रत्येकात एक पिल्लू गुपचूप बसलेलं. मला हसूही आलं आणि हलकंही वाटलं. दोष माझ्या हाताचा नव्हता.

खालानं आपल्या कोंबड्यांची तपकिरी अंडी टोपलीत भुसा घालून दिली. चौथ्या दिवशी दुपारी मी खोलीचं दार लावलं, एक अंडं डाव्या तळहातावर घेतलं आणि टॉर्च लावली.

आत एक लाल झाड होतं. केसाएवढ्या बारीक फांद्या चहूबाजूंना पसरलेल्या, आणि मधे मोहरीएवढा एक ठिपका. तो ठिपका धडधडत होता. मी श्वास रोखून बघत राहिले. लहानपणी अप्पांनी शिकवलं होतं, लिंगपूजेला बसलं की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, हात हलू द्यायचा नाही, पापणी लवू द्यायची नाही. माझी नजर कधी ठरायची नाही, मी सतत चुळबुळायचे आणि अप्पा हसायचे. त्या दुपारी पहिल्यांदा माझा हात हलला नाही. गळ्यात लिंग होतंच, ते मी कधीच काढून ठेवत नाही. तळहातावर हा जीव. दोन्हींमध्ये मला काही भांडण दिसलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला सलग असे आठवतच नाहीत. अर्धवट झोपेत ऐकलेल्या गोष्टीसारखे ते आठवतात. कवचाला बोटाच्या नखाएवढी खिडकी कापायची, वर चिकटपट्टी लावायची. आठव्या दिवशी त्या पडद्यावर कागदाची इवली चकती ठेवायची, काहींवर औषधाची, काहींवर नुसत्या पाण्याची. खोलीतला घुर्र आवाज कानात भरून राहायचा. डोळे उघडेच असायचे, पण मी कुठंतरी दूर असायचे. वाटायचं, माझ्याही पोटात अशीच काळोखी खोली आहे, तिथं लाल फांद्या माजल्या आहेत, आणि ती कडवट पांढरी गोळी हातात कंदील घेऊन तिथल्या गल्ल्यांतून फिरते आहे. इथं एवढे रस्ते नकोत, म्हणते आहे. पलीकडच्या वस्तीला रस्ता नाही, तिकडे चला.

दोन दिवसांनी चिकटपट्ट्या काढल्या. पाण्याच्या चकतीखाली झाड भरगच्च होतं. औषधाच्या चकतीखाली मात्र मोठ्या फांद्या तशाच, पण बारीक काड्या विरळ झालेल्या, अंगण झाडून काढावं तसं. मी मॅडमना अक्षरशः हाताला धरून ओढत आणलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं आणि माझ्या आनंदावर जरा पाणी शिंपडलं. म्हणाल्या, अंड्यावर आपण औषध थेट ठेवतो, बाईच्या शरीरात ते असं पोचत नाही. अंडं म्हणजे बाई नाही. पुन्हा कर, पुन्हा मोज, मग बोल. मॅडमचं बरोबर होतं. मी पुन्हा केलं, पुन्हा मोजलं. पण त्या दिवसापासून गोळी गिळताना मला एकटं वाटलं नाही, हे काही मोजून दाखवता येत नाही.

प्रयोग संपला की अंडी फ्रीजमध्ये ठेवून आतली वाढ थांबवावी लागायची. धडधडणारा ठिपका हळूहळू मंद व्हायचा. ते मला कधीच सोपं गेलं नाही. मी मनातल्या मनात नमः शिवाय म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. एका जाळ्याचा व्हिडिओ मात्र मी मोबाईलमध्ये जपून ठेवला होता.

आणि मग आईचा फोन आला. उदगीरचं स्थळ. आपल्यातलेच, मेडिकलचं दुकान, मुलगा फार्मसी झालेला. अप्पा हरखून गेले होते, पोरगी फार्मसी आणि पोरगा मेडिकल, दुधात साखर! आई फोनवर आवाज बारीक करून म्हणाली, "ती गोळी आता बंद कर. ते लोक औषधातले, पाकीट बघितलं की वळखतील."

मी बंद करणार नाही म्हणाले. आई रडली, मीही रडले. शेवटी तोडगा निघाला: गोळ्या घ्यायच्या, पण पाकिटातून काढून. बघण्याच्या आधी मी आठ दिवस घरी गेले तेव्हा आईनं सगळ्या गोळ्या सोडवून अप्पांच्या जुन्या पितळी पानाच्या डब्यात भरल्या. डॉक्टरांनी दम भरल्यापासून अप्पांनी पान सोडलं होतं, त्या डब्याला दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. आई रोज जेवणानंतर पदराआडून एक गोळी आणून द्यायची. देवाचा प्रसाद द्यावा तशी, पण डोळे चुकवून.

आईला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि मी औषधशास्त्र शिकूनही त्या वेळी मला ती सुचली नाही. मेटफॉर्मिनला वास असतो. कित्येक गोळ्यांना सुक्या मासळीसारखा. पाकिटात तो दबून राहतो. बंद डब्यात आठ दिवस उघड्या ठेवल्या तर?

पाहुणे तिघं आले: मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. कपाळाला विभूती, बोलणं गोड. मुलानं विचारलं, तुमचा प्रबंध कशावर आहे? मी म्हणाले, एका औषधावर. आईनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, पान चालतं का तुमच्यात? आणि अप्पा, पाहुण्यांच्या आनंदात न्हाऊन निघालेले माझे अप्पा, जुनी सुपारी-लवंग तरी निघेल म्हणून उठून कपाटातून तो पितळी डबा घेऊन आले. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिचा हात पुढे झाला, पण उशीर झाला होता. अप्पांनी झाकण उघडलं.

वास बैठकीत असा पसरला की मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला. "अगं बाई, मासळी?" लिंगायताच्या घरात! अप्पांचं तोंड पांढरंफटक पडलं. ते डब्याकडे बघत होते, डब्यात पांढऱ्या गोळ्या.

मुलाच्या वडिलांनी वाकून एक गोळी उचलली, नाकाशी नेली. "मासळी कशाची, मेटफॉर्मिन हाय ही. तीस वर्षं विकून राहिलोय." मग अप्पांकडे बघून म्हणाले, "साखर कुणाला हाय घरात?"

"ह्यांना," आई दारातून म्हणाली. बोट अप्पांकडे.

अप्पांनी आईकडे बघितलं. किराण्याच्या दुकानात तागडीत चिमूटभर डाळ कमी पडली तर गिऱ्हाईकाला परत बोलावणारा माणूस. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ना गोळीचं, ना लातूरचं, ना साड्यांचं. पण आईच्या तोंडावर जे होतं ते त्यांनी वाचलं असावं. गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर त्यांचा हात गेला आणि ते म्हणाले, "हाव. माझीच हाय."

अप्पांना खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा आवाज त्यांचा वाटेना. मला ते सहन झालं नाही.

"अप्पांची नाही, माझी आहे," मी म्हणाले. "मला साखर नाही. मला पीसीओएस आहे. पाळी वेळेवर येत नाही. अंडाशयात नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, म्हणून ही गोळी चालू आहे. आणि मघाशी मी अर्धंच सांगितलं. माझा प्रबंध याच गोळीवर आहे. कोंबडीच्या अंड्यांवर करतेय."

एवढं सगळं मी एका दमात बोलून टाकलं. मुलाची आई उठून उभी राहिली. मुलगा बशीकडे बघत राहिला. वडील मात्र गोळी बोटांत फिरवत म्हणाले, "रक्तवाहिन्यांवर बी चालती ही? मला ठावं नव्हतं." त्यांना अजून विचारायचं होतं, असं मला आजही वाटतं. पण बायको चपला घालत होती. कळवतो, म्हणाले. दोन वर्षं झाली, अजून कळवताहेत.

पाहुणे गेल्यावर अप्पांनी डब्याचं झाकण लावलं. मग एवढंच म्हणाले, "औषधच हाय ना? मग माझ्यापासून का लपवली?" आणि उठून दुकानात गेले. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, आता ती मला फाडून खाईल. मी तिच्या शेजारी बसले. तिनं डोळे पुसले.

"गळ्यात लिंग घालून अंडी फोडून राहिलीस व्हय तू?" ती म्हणाली. "काय असतंय त्याच्यात एवढं?"

मी मोबाईल काढून व्हिडिओ लावला. आईनं मोबाईल घेतला, आणि कसा कोण जाणे, डाव्या तळहातावर ठेवला. लाल झाड हललं. मधला ठिपका धडधडत होता. तिची पापणी लवत नव्हती. मी बोटानं दाखवलं, इथं गोळी ठेवली होती, इथं बघ फांद्या कशा विरळ झाल्यात.

"असंच हाय का तुझ्या पोटात?"

"असंच नाही गं. पण यासारखं काहीतरी."

तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग मोबाईल माझ्या हातात देऊन ती उठली, डब्यातल्या गोळ्या काचेच्या बरणीत ओतल्या आणि बरणी लोणच्याच्या शेजारी उघड्या फळीवर ठेवली. "वास मारती तर मारू दे," म्हणाली.

त्यानंतर सहाव्या आठवड्यात माझी पाळी आली. मी तेव्हा नांदेडला होते, त्या काळ्या खोलीतच. आईला फोन केला तर पलीकडून पेन शोधत असल्याचा आवाज आला. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर आई सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहिते. त्याच कॅलेंडरवर, सगळ्यांना दिसेल असं, तिनं माझी तारीख लाल पेननं गोल केली.

अप्पा रोज सकाळी पूजा झाली की तिथी बघायला त्या कॅलेंडरापुढे उभे राहतात. आई सांगत होती, दुसऱ्या दिवशी ते तिथं जरा जास्तच वेळ उभे होते. मग चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पोरीला फोन लाव. म्हणावं, जेवून गोळी घे."